उतारवयातील आरोग्य : चालण्याच्या पुढचा विचार

दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेत निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' योजना आली आणि बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारे दाखला देण्याची सोय झाली. पुढे २०२१ पासून मोबाईलसमोर चेहरा धरूनही हे काम होऊ लागले. तरीही पुष्कळ वडीलधारी मंडळी शाखेतच येतात. रांगेत जुनी ओळखीची माणसे भेटतात, पासबुक भरून मिळते; शिवाय आयुष्यभर हाताने काम केलेल्या काहीजणांच्या बोटांवरील रेषा इतक्या झिजलेल्या असतात की यंत्राला त्यांचा ठसाच ओळखता येत नाही.

काउंटरच्या आतल्या बाजूने अनेक वर्षे ही रांग पाहिली, की केवळ जन्मतारखेवरून माणसाचे वय ठरविण्याची सवय सुटते. आमच्या शाखेच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. अठ्ठ्याहत्तरी गाठलेले एक निवृत्त पोस्टमन कठड्याला हात न लावता त्या चढून येतात. त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असलेले दुसरे एक गृहस्थ दोन्ही बाजूंनी मुलांनी धरल्याशिवाय वर येऊ शकत नाहीत. गप्पांच्या ओघात कळले की मधुमेह दोघांनाही आहे आणि रक्तदाबाची गोळीही दोघांना चालू आहे. मग दोघांत फरक कोठे आहे? तो खुर्चीवरून उठताना दिसतो. पोस्टमनकाका बोलता बोलता सरळ उठतात. दुसरे गृहस्थ टेबलाची कड धरतात, अंगाला एक-दोनदा हेलकावा देतात आणि मुलगा काखेत हात घालील तेव्हाच उभे राहतात.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे की, उतारवयात माणूस परावलंबी होतो तो केवळ मोठ्या आजारामुळे नव्हे. मांड्यांतील बळ हळूहळू सरत जाते आणि ते घरात कोणाच्या लक्षात येत नाही, हेही त्याचे एक प्रमुख कारण आहे. हे बळ बऱ्याच अंशी राखता येते, गेलेले काही प्रमाणात परतही मिळविता येते. मात्र त्यासाठी आपण सर्वसाधारणपणे जे करतो, म्हणजे सकाळची फेरी आणि पथ्याचे हलके जेवण, तेवढे पुरेसे नाही.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

आपल्या समाजातील निवृत्तांची पहिली मोठी पिढी रेल्वे, महापालिका, गोदी, गिरण्या, टपाल खाते, ऑर्डनन्स फॅक्टरी अशा ठिकाणी राबली. रुळांवर गँगमन म्हणून उन्हातान्हात काम केलेल्या माणसाला "व्यायाम करा" असे सांगितले की तो हसतो. "आयुष्यभर हातोडा मारला, आता काय कसरत करू?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त वाटतो. पण शरीराचे गणित तसे नाही. स्नायूंच्या खात्यात मुदत ठेव नसते, ते चालू खाते आहे. तीस वर्षांपूर्वी उचललेल्या वजनावर आजचा गुडघा चालत नाही. गेल्या काही महिन्यांत शरीराकडून काय काम करून घेतले, यावर स्नायू टिकतात.

स्नायूंची ही घट तिशीनंतरच सुरू होते. दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ अरविन रोझेनबर्ग यांनी या अवस्थेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मांस आणि उणीव या दोन शब्दांपासून ते तयार केले आहे. फसवी गोष्ट अशी की वजनकाट्यावर ही घट दिसेलच असे नाही. स्नायू कमी होतात, त्यांच्या जागी चरबी वाढते आणि काटा तेथेच राहतो. "माझे वजन वीस वर्षांत बदललेले नाही," असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या मांड्या निम्म्या झालेल्या असू शकतात. मधुमेहींनी तर याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या साहाय्याने उचलून घेण्यात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा असतो. स्नायू कमी झाले की ती साखर जाणार कोठे?

निवृत्तीनंतर घरचे लोकही प्रेमाने या घटीला हातभार लावतात. "बाबा, आता तुम्ही आराम करा" असे सांगून सुना-मुले पाण्याची बादली हातातून घेतात, दळणाचा डबा घेतात, बाजाराची पिशवी घेतात. यात माया आहे, आदर आहे. आणि ज्यांच्या आईवडिलांनी हालअपेष्टा सोसून शिकविले त्या मुलांना तसे वाटणे साहजिकच आहे. परंतु दळणाच्या डब्याबरोबर आपण त्यांचा दिवसभरातील एकमेव वजन उचलण्याचा व्यायामही काढून घेतो, हे ध्यानात येत नाही.

पुरुष निदान निवृत्त तरी होतात. आपल्या भगिनींना निवृत्तीचा आदेश कोणी दिलेला नाही. नोकरी संपली तरी स्वयंपाकघर सुटत नाही. त्यामुळे "दिवसभर उभी असते, तेवढा व्यायाम पुरे" असे त्यांना वाटते. पूर्वी जाते-पाटा-वरवंटा होता, विहिरीचे पाणी होते, सारवण होते. त्यात बसणे-उठणे, ओढणे-उचलणे सारे होते. (त्या कष्टांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ते गेले हे चांगलेच झाले.) ओट्याशी चार तास उभे राहण्याने पाय दुखतात, पोटऱ्यांवर शिरा फुगतात, मांडीचे बळ त्याने वाढत नाही.

म्हातारपणी गमावलेले बळ परत येते का, या शंकेला एका प्रयोगाने उत्तर दिलेले आहे. अमेरिकेत बोस्टन येथे वृद्धांच्या एका निवासी रुग्णालयात डॉ. मारिया फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनासह व्यायाम दिला. १९९० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतील स्नायूंचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान होता हे खरे. परंतु १९९४ मध्ये त्याच गटाने शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा अभ्यास केला, त्यातही ताकद दुपटीहून अधिक झाली. नव्वदीतील माणसांना हे साध्य होत असेल, तर पासष्टीतील आपल्या बंधू-भगिनींनी "आता वय झाले" म्हणून हात टेकण्याचे कारण नाही.

चालणे आणि चंक्रमण

चालण्याचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगावयास नको. भिक्खूंच्या दिनक्रमात चंक्रमणाला, म्हणजे ठरावीक जागेत येरझारा घालण्याला, स्थान होते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, परिश्रम सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. यातले पहिले चार आजच्या कोणत्याही डॉक्टरच्या तोंडी शोभतील असेच आहेत.

आता मात्र चालण्याचे रूपांतर आकड्यांत झाले आहे. मनगटावरचे घड्याळ दहा हजार पावले मोजते आणि ती न भरल्यास माणूस रात्री घरातल्या घरात फेऱ्या मारतो. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्राने ठरविलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे यंत्र'. जाहिरातीचे ते नाव पुढे नियम होऊन बसले. सात हजार पावले झाली म्हणून कोणी खंत करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल हवी. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती समजावी. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले तरी पहिली मर्यादा पूर्ण होते. परंतु त्याच मार्गदर्शनात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या आपल्याकडे कोणी सांगत नाही. स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल व ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम किमान तीन दिवस करावा. चालण्याने हृदय व फुप्फुसे सुधारतात, साखर उतरते, मन हलके होते. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला शरीराचा भार खालून वर उचलावा लागत नाही. तो उचलावा लागतो जिना चढताना, सतरंजीवरून उठताना, शौचालयात बसून उठताना. नेमक्या याच ठिकाणी वृद्ध माणूस अडतो. आपल्याच कार्यक्रमांत पाहा ना! पूर्वी सभागृहात सर्वजण सतरंजीवर बसत. आता मागच्या बाजूची खुर्च्यांची रांग दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकते आहे.

खुर्चीचा व्यायाम

माझी आई ७३ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेले. दोन वर्षांपूर्वी मोरीत तिचा तोल गेला. हाड मोडले नाही, पण भीती बसली आणि तिने जिना उतरणे बंद केले. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली माणसे शेजारीपाजारी आपण सर्वांनीच पाहिली आहेत, त्यामुळे ती भीती निराधार नव्हती. रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सांगितला तेव्हा तिचे म्हणणे असे होते : "अहो ताई, गुडघे आधीच झिजलेत. उठबस करून आणखी नाही का झिजायचे?" त्या म्हणाल्या, "आजी, गुडघा झिजलाय म्हणूनच मांडी भक्कम हवी. भार मांडीने घेतला तर गुडघ्याला थोडा विसावा मिळतो."

सुरुवातीस खुर्चीवर गोधडीच्या दोन घड्या घालून ती उंच केली. दिवसाआड, एका वेळी पाच वेळा. आकडे मोजताना विसरायला होते म्हणून तिने स्वतःची पद्धत काढली. नोकरीच्या काळात ती कर्जतहून कल्याणला येत असे; त्या मार्गावर तेव्हा दहा स्थानके होती. कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू असे म्हणत एकेकदा उठायचे. पहिल्या आठवड्यात ती शेलूच्या पुढच्या वांगणीला थांबत असे. दीड महिन्याने कल्याण आले. मग एक गोधडी काढली. आज ती गोधडीशिवाय दोन फेऱ्या करते आणि भाजीसाठी स्वतः खाली उतरते. गुडघे अधूनमधून दुखतात, ते दुखणारच. औषधही चालू आहे.

पद्धत थोडक्यात अशी. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, स्थिर, भिंतीला टेकविलेली असावी. हलकी प्लॅस्टिकची नको. पुढच्या कडेशी बसावे, पावले जरा फाकवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. अंग पुढे झुकवून, श्वास सोडत उठावे. श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब एकदम वर जातो, म्हणून उठताना मोठ्याने मोजणे चांगले. उठण्यापेक्षाही बसणे सावकाश झाले पाहिजे. आपण बहुतेकजण बसत नाही, धपकन पडतो. तीन मोजेपर्यंत खाली येण्यातच मांडीचे खरे काम आहे. ज्यांना हात टेकल्याशिवाय जमत नाही त्यांनी आरंभी टेकावेत.

दहा-बारा वेळा सहज जमू लागले की वजन वाढवावे. एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली साधारण एक किलोची असते. ती छातीशी धरून उठावे, पुढे दोन बाटल्या घ्याव्यात. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे व्यायाम म्हटला की तोच तो वर्षानुवर्षे करण्याची प्रथा आहे. भार वाढला नाही तर स्नायूंना वाढण्याचे कारण उरत नाही.

याखेरीज तीन प्रकार पुरेत. ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. भिंतीवर तळहात टेकून, कोपरात वाकून भिंतीजवळ जाणे व मागे येणे, म्हणजे उभ्याने काढलेले जोर. आणि खिडकीच्या गजाला हात लावता येईल इतक्या अंतरावर एका पायावर उभे राहणे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. याचा अर्थ तोल गेला म्हणून माणूस मरतो असा नव्हे. तोल हा स्नायू, नसा, डोळे, कान या सर्वांच्या कामाचा एकत्रित दाखला असतो, असा घ्यावा. दात घासताना एकदा उजव्या व एकदा डाव्या पायावर उभे राहिले तर वेगळा वेळही काढावा लागत नाही.

या ठिकाणी विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. घरातील आजी-आजोबांना खुर्चीवर बसवा, हात छातीवर घडी करून ठेवायला सांगा आणि ३० सेकंदांत ते किती वेळा पूर्ण उभे राहतात ते मोजा. शेजारी स्वतः उभे राहा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ च्या खाली, तर ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० च्या खाली आकडा आल्यास पायांतील बळ सरासरीपेक्षा कमी आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे असे समजतात. आकडा वहीत तारखेसह लिहा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. परीक्षेच्या गुणपत्रिकेइतकीच ती वही घरात जपली जाईल, याची मला खात्री आहे.

ताटाचा हिशेब

स्नायूंना काम दिले तरी बांधकामाचे सामान हवे. ते सामान म्हणजे प्रथिने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या आहाराचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या मते साठीनंतर ही गरज कमी न होता वाढते आणि दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ६० ते ७० ग्रॅम.

आता आपल्या घरातील एखाद्या आजोबांचे दिवसाचे खाणे मांडून पाहू. हिशेब करण्याची मला सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. सकाळ-संध्याकाळ चहा, त्यातील दूध मिळून ३ ग्रॅम प्रथिने. चहाबरोबर दोन टोस्ट, २ ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून चार चपात्या, १२ ग्रॅम. दोन वाट्या पातळ वरण किंवा आमटी, ८ ग्रॅम. एक वाढप भात, ४ ग्रॅम. भाजी, ३ ग्रॅम. बेरीज ३२. गरजेच्या जेमतेम निम्मे! पोट भरलेले आहे, ढेकर आलेली आहे, आणि तरीही स्नायू उपाशी आहेत. आजींचा हिशेब याहूनही वाईट निघतो. सर्वांचे वाढून झाल्यावर कालवणात उरलेला रस आणि कालची चपाती हे जेवण आजही अनेक घरांत चालू आहे, आणि पोरांच्या ताटात गेलेली फोड आजींच्या हिशेबात धरता येत नाही.

तुटवडा भरून काढणे अवघड नाही व महागही नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. तेवढ्याच फुटाण्यांत ६. मटकी किंवा हरभऱ्याच्या वाटीभर उसळीत ७. वाटीभर दह्यात ५ ते ६. सोयाबीनच्या २५ ग्रॅम वड्यांत १२. आणि आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या असलेले सुके बोंबील! शंभर ग्रॅम सुक्या बोंबलांत साधारण ६० ग्रॅम प्रथिने असतात. ज्या सुकट-बोंबलाच्या वासावरून आपल्या आया-आज्यांनी शेजारपाजारची नाके मुरडलेली पाहिली, ते पोषणाच्या तक्त्यात वरच्या ओळीत बसते, ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवाविशी वाटते. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी खारविलेले बोंबील टाळावेत किंवा दोन-तीन पाण्यांतून काढावेत. दिवसाला एकूण मीठ एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत असावे असा संकेत आहे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सारे मोजावे लागते.

प्रथिने एकाच जेवणात न खाता तिन्ही वेळी वाटून घ्यावीत. सकाळी चहा-टोस्टऐवजी अंडे किंवा मुगाचे धिरडे, दुपारी घट्ट वरण व उसळ, रात्री मासळी, चिकन किंवा दही. भाकरी ज्वारी-बाजरीची उत्तम. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या वर. वृद्धांसाठी म्हणून मिळणाऱ्या महागड्या पावडरींच्या डब्यांवर निवृत्तिवेतन खर्च करण्यापूर्वी डब्यावरील बारीक अक्षरे नातवाकडून वाचून घ्यावीत. कित्येकांत साखरच पुष्कळ असते.

भाताविषयी दोन शब्द. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, त्यांच्या मनात ताटभर पांढऱ्या भाताला एक वेगळे स्थान आहे. त्यांना "भात कमी करा" असे सांगताना आपण काय सांगतो आहोत याचे भान ठेवावे. संयुत्त निकायात कोसल देशाच्या प्रसेनजित राजाची कथा आहे. तो द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी मिताहाराविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्यासाठी त्याला दिवसाला शंभर कहापण ठरविले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. मला या कथेतील 'हळूहळू' आवडते. एकाएकी भात बंद केलेला माणूस पंधरा दिवसांत पुन्हा पूर्वीच्या ताटावर येतो. अर्धी मूद कमी करून तिच्या जागी वाटीभर उसळ वाढली, तर भांडण होत नाही.

दातांकडे आपले फार दुर्लक्ष होते. दात गेले, कवळी बसविली नाही, म्हणून शेंगदाणे नकोत, मटण नको, भाकरी नको. मग उरते काय? चहात बुडविलेली खारी आणि भाताची पेज. कित्येक वृद्धांची 'भूकच नाही' ही तक्रार वस्तुतः दातांची तक्रार असते. कवळी बसेपर्यंत शेंगदाण्याचे कूट, मऊ उकडलेले अंडे, घोटलेली डाळ हे मार्ग आहेत. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी हिरड्यांची तपासणी करून घ्यावी आणि ती सवय सोडावी.

तहानही वयाबरोबर मंदावते. रात्री उठावे लागू नये म्हणून अनेकजण संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत आणि दिवसाही विसरतात. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा मोठा भाग पिऊन घ्यावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तीच पाळावी. रात्री उठताना अंथरुणावर मिनिटभर बसून मगच उभे राहावे. मोरीपर्यंत एक लहान दिवा जळत ठेवावा. त्याचे वीजबिल फारसे येत नाही.

पायांना मुंग्या येणे, तळव्याखाली कापूस असल्यासारखे वाटणे, चालताना झोक जाणे ही लक्षणे असल्यास जीवनसत्त्व बी-१२ तपासावे. हे जीवनसत्त्व निसर्गतः दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याची कमतरता होऊ शकते. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नयेत. बी-१२ स्वस्तात पूरक देता येते.

सुरुवात करण्यापूर्वी

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अत्यावश्यक आहे. अशा रुग्णांना प्रथिनांचे प्रमाण मोजूनच दिले जाते. हृदयविकाराचा झटका, बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, तसेच रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी वजनाचा व्यायाम डॉक्टरांच्या संमतीनेच सुरू करावा. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये व खिशात साखरेची पुडी ठेवावी. पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतील. तो ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो आणि त्यासाठी थांबण्याची गरज नाही, एक दिवस सोडून व्यायाम करावा. परंतु छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, किंवा सांधा सुजून लाल होणे, यांपैकी काही जाणवल्यास तेथेच खुर्चीत बसावे, घरातल्या माणसाला हाक मारावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीतील दडपण बसल्यावरही ओसरत नसेल, तर उद्याची वाट न पाहता व बस-रिक्षाचा विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.